एक कुंची कान्होबाची, एक लेकराची

श्रावण वद्य अष्टमी जवळ आली की आमच्या विदर्भातील घरोघरी कान्होबाची तयारी सुरू होते. मातीची गोजिरी मूर्ती येते, फुलोरा टांगला जातो आणि माजघरात सुई-दोऱ्याचा डबा उघडतो. देवाचा पाळणा सजवायचा, त्यात लहानशी गादी घालायची, बाळकृष्णाला झबले आणि कुंची शिवायची, ही कामे बाजारातून आणून उरकण्याची नव्हेत, अशी आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांची श्रद्धा असते. चष्मा नाकावर ओढून, दोरा ओठांनी ओला करून सुईत ओवणारी आजी ज्या घरात आहे, त्या घरी जन्माष्टमी आठ दिवस आधीच आलेली असते.

आम्ही माहूरचे. रेणुकेच्या आणि दत्ताच्या शिखरांखाली आमचे आयुष्य गेले. जेथे अनसूयेने तिन्ही देवांना बाळे करून पाळण्यात जोजविले, असे आपण मानतो, त्या डोंगरावर लेकरासाठी नवस बोलणाऱ्या आणि लेकरू झाल्यावर ते देवीच्या पायांवर घालणाऱ्या माता आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. पुढे संस्कृताच्या अध्ययनात आणि नारदीय कीर्तनाच्या सेवेत चाळीस वर्षे सरली. तरीही बाळाच्या अंगावरच्या वस्त्राविषयी खरा पाठ आम्हाला मिळाला तो ग्रंथातून नव्हे, तर झरी जामणी तालुक्यातील एका खेड्यात, एका म्हाताऱ्या माउलीकडून. तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एका जन्मकीर्तनाची गोष्ट

माहूरच्या परिसरातून वाहणारी पैनगंगा पूर्वेकडे जात जात यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा होते. नदीच्या अल्याड झरी जामणी, पल्याड तेलंगणाचा आदिलाबाद मुलुख. या भागात मराठीइतकीच तेलुगूही कानी पडते. कापसाची शेते, मधूनच सागाचे रान आणि रानाच्या कडेने कोलाम बांधवांचे पोड. कोलाम ही महाराष्ट्रातील कातकरी आणि माडिया गोंड यांच्याप्रमाणे विशेष दुर्बल मानली गेलेली आदिम जमात. बांबूच्या कामात मात्र त्यांचा हात मोठा कसबी.

दहा-बारा वर्षांमागे त्या तालुक्यातील एका गावी आम्हाला जन्माष्टमीच्या कीर्तनाचे निमंत्रण होते. दिवसभर पावसाची झड लागली होती. रात्री पूर्वरंग संपवून आम्ही उत्तररंगात देवकीच्या कारागृहाचे आख्यान लावले. बारा वाजता गुलाल उधळला, शंख वाजला आणि पाळण्याची दोरी हाती देण्यासाठी सुवासिनी पुढे आल्या. पाळण्यातील मूर्तीच्या अंगावर हिरव्या खणाची, जरीच्या काठाची सुरेख कुंची होती. गावातीलच सत्तरीच्या एका आजींनी ती हाताने शिवली होती.

सुंठवडा वाटला जात असता मंडपाच्या अगदी टोकाला, खांबाला टेकून बसलेली एक मुलगी आमच्या दृष्टीस पडली. सतरा-अठरा वर्षांची असेल. तिच्या मांडीवर महिनाभराचेही नसावे असे बाळ होते आणि ते एका ओलसर, विरलेल्या चिंधीत गुंडाळलेले होते. त्याच्या वडिलांविषयी कोणी विचारले नाही. झरी जामणी भागातील कुमारी मातांविषयी अनेक वर्षे वृत्तपत्रांतून लिहून आले आहे. बाहेरून येणाऱ्या पुरुषांनी कामाच्या, पैशाच्या वा लग्नाच्या आमिषाने भोळ्या मुलींना फसवावे, आपण निघून जावे आणि दोष मात्र मुलीच्या कपाळी यावा, अशा त्या कथा. ही मुलगी त्यांतलीच एक होती. पोडावर आई नव्हती आणि गावातून कोणी बाळंतविडा घेऊन गेले नव्हते.

कुंची शिवणाऱ्या आजी आमच्यापाशी आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “महाराज, देवाले खणाची कुंची अन् त्या लेकराले चिंधी, हे बरं दिसते काय? ही कुंची काढून त्याले घालू काय?”

वाचकहो, तेव्हा आम्ही काय उत्तर द्यावे? ज्याच्या मुखाने घटकाभरापूर्वी देवकीचे दुःख सांगताना श्रोत्यांचे डोळे पाणावले, त्या आम्ही म्हटले, “आजी, देवाच्या अंगावरचे वस्त्र आहे. उत्तरपूजेपूर्वी कसे काढावे? सकाळी पाहू.” आजी काही बोलल्या नाहीत. सकाळी उठून पाहतो तो मुलगी पहाटेच पोडावर निघून गेली होती आणि पाऊस पडतच होता.

आजी मात्र आमची वाट पाहत बसल्या नव्हत्या. त्यांनी रात्रीतूनच आपले जुने सुती लुगडे फाडून एक दुपटे आणि एक टोपडे शिवले होते. गावातील आशाताईला बरोबर घेऊन त्या चिखलातून पोडावर गेल्या. परत आल्यावर आशाताईने सांगितले, की बाळाचे तळपाय गार पडले होते, ते दूधही नीट ओढत नव्हते. तिने ओले कापड काढले, बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावले, डोक्यावर टोपडे चढविले आणि वरून दोघांना दुपट्याने झाकले. मग गाडी बोलावून त्यांना दवाखान्यात पोचविले. बाळ वाचले. ते कुंचीने वाचले असे आम्ही म्हणणार नाही. ते आईच्या ऊबेने, आशाताईच्या ज्ञानाने आणि दवाखान्याच्या उपचाराने वाचले. पण त्या सर्वांना जी पहाट मिळाली, ती एका म्हातारीने रात्री जागून शिवलेल्या दुपट्यामुळे मिळाली. आणि आमच्या ‘सकाळी पाहू’मुळे ती जवळजवळ हुकली होती.

शास्त्र काय सांगते?

घरी परतल्यावर आम्ही ग्रंथ उघडले. आपल्या उत्तराला आधार शोधावा, हा त्यामागचा हेतू होता, हेही कबूल करतो. आधार सापडला तो आजींच्या बाजूने.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, बाळाच्या अंथरुण-पांघरुणाचा विचार आला आहे. ते मऊ, हलके, स्वच्छ आणि सुगंधी असावे, घामाने, मळाने, मलमूत्राने वा किडींनी दूषित झालेले टाकावे, असे आचार्य सांगतात. पण तेथेच न थांबता ते पुढे म्हणतात, की दुसरे मिळण्याचा संभव नसेल तर तेच चांगले धुऊन, धुपवून, शुद्ध व कोरडे करून वापरावे. या एका वाक्याने आमचे मन हेलावले. राजवैद्याच्या परंपरेतील ग्रंथ, पण ज्या घरात दुसरे वस्त्रच नाही त्या घराचा विचार त्यात आहे. धुपाविषयी एवढेच सांगावे, की नवजात बाळाभोवती धूर नको, असे आजचे वैद्यक सांगते. कडक उन्हाने ते काम अधिक चांगले होते.

श्रीमद्भागवतातील जन्मप्रसंगही पुन्हा वाचला. भगवान आधी चतुर्भुज रूपात, पीतांबर नेसून प्रकटले. देवकीने विनविले, तेव्हा त्यांनी सामान्य मानवी बालकाचे रूप घेतले. म्हणजे पीतांबर गेला आणि उघडे लेकरू उरले. वसुदेव त्याला घेऊन निघाला तेव्हा पाऊस पडत होता आणि शेषाने मागून येऊन आपल्या फणांनी पाणी अडविले. आम्ही हा प्रसंग शेकडो वेळा सांगितला होता. पावसाच्या रात्री, बापाच्या आधाराविना, चिंधीत गुंडाळलेले एक बाळ आमच्या मंडपात आले होते आणि त्यावर फणा धरण्याचे काम आम्हाला सुचले नव्हते.

ऊब हेच पहिले औषध

जन्मलेल्या बाळाचे अंग लहान, पण त्या मानाने डोके मोठे. त्यातून उष्णता झपाट्याने निघून जाते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर स्वतःचे अंग गरम राखणे फारच जड जाते. म्हणून भर उन्हाळ्याच्या मुलुखातही पावसाळी रात्री ते गारठू शकते. जन्मल्यावर लगेच कोरडे करावे, आईच्या अंगाशी लावावे, डोके झाकावे आणि पहिले स्नान निदान चोवीस तास लांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोटा येथे रूढ झाली. आज ती जगभर मान्य आहे.

आपल्या विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० नंतरच्या दशकात ३९ खेड्यांत घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. ऊब, स्तनपान, स्वच्छता, जंतुसंसर्गाची वेळीच ओळख आणि उपचार ही त्याची अंगे होती. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा आणि घरी जन्मलेल्यासाठी सात भेटी ठरलेल्या आहेत. तेव्हा घरी शिवलेले दुपटे हे केवळ हौसेचे काम नाही, त्याला या मोठ्या कार्यात जागा आहे.

जुनेराचे माहात्म्य

आपल्याकडे बाळाच्या अंगाला पहिले वस्त्र नवे घालीत नाहीत, जुनेर घालतात. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर. त्यामागे वडिलांच्या आयुष्याचा आशीर्वाद बाळाला मिळावा ही भावना आहे. त्यात व्यवहारही आहे. नव्या कापडाला खळ असते, ते कोवळ्या कातडीला टोचते. शेकडो वेळा धुतलेले सुती कापड लोण्यासारखे मऊ झालेले असते आणि ओल टिपून घेते. कृत्रिम धाग्याचे कापड मात्र कितीही जुने झाले तरी यासाठी घेऊ नये.

नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, एक वार ३६ इंचांचा. वारभर लांबीचे नऊ तुकडे पडतात. ‘दुपटे’ म्हणजे दोन पटांचे. दोन-दोन तुकडे एकावर एक ठेवले की चार दुपटी होतात आणि एक वार टोपड्यांसाठी उरतो. लुगडे उजेडासमोर धरून पाहावे, जेथे ते विरले असेल तो भाग सोडावा. तरीही एका लुगड्यात एका बाळाचा संसार उभा राहतो. कापसाच्या या जिल्ह्यात एकही बाळ चिंधीत राहू नये, याला एवढाच खर्च आहे.

बाळंतविडा कसा शिवावा?

कापड प्रथम उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. सुईकाम ज्यांना फारसे येत नाही त्यांनाही पुढील वस्तू जमतील.

*दुपटे :* ३६ इंच चौरसाचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवावे. कडा आत मुडपून चारी बाजूंनी धावदोरा घालावा. मग कडेपासून मध्याकडे, दोन-दोन बोटे अंतर सोडून धावदोऱ्याच्या ओळी घालीत जावे, म्हणजे पट सरकत नाहीत. दोनाऐवजी चार-पाच पट घेतले की तीच वाकळ होते.

*झबले :* २० इंच रुंद आणि २६ इंच लांब कापड घ्यावे. ते आडवे दुमडावे, मग उभे दुमडावे. दुमडीच्या कोपऱ्यात पावणेदोन इंचांची गोलाई कापली की गळा होतो. उघड्या बाजूने, वरून चार-साडेचार इंच सोडून, चार इंच आत कापावे आणि तेथून सरळ खाली यावे. बाही व बगल एकदमच निघतात. समोरचा पट मधोमध उभा कापून पुढून उघडे ठेवावे. बाजू उलट टीपेने शिवाव्या, पण पहिल्या महिन्याच्या झबल्यांच्या शिवणी बाहेरच्या अंगाला ठेवाव्या, म्हणजे त्या बाळाला काचत नाहीत. बटणांऐवजी छातीपाशी कापडाचे छोटे बंद लावावे.

*लंगोट :* २४ इंचांचा चौरस तुकडा, कडांना हेम घातलेला. तिरका दुमडला की त्रिकोणी लंगोट झाला. हे मात्र दोन डझन तरी हवेत. पावसाळ्यात वाळत नाहीत.

*टोपडे :* १५ इंच लांब व ६ इंच रुंद पट्टीची दोन टोके जोडावी, वरची कड धावदोऱ्याने चुणून आवळावी आणि खालची मुडपावी.

*कुंची :* १४ इंच लांब, ७ इंच रुंद तुकडा मध्यावर दुमडावा. दुमड माथ्यावर येते. मागची बाजू शिवावी, पुढची चेहऱ्यासाठी उघडी ठेवावी. मग ३० इंच रुंद व २० इंच लांब कापडाची वरची कड चुणून १४ इंचांवर आणावी आणि टोपीच्या खालच्या कडेला जोडावी. हा झालर-भाग पाठीवर व खांद्यांवर उतरतो. खण वा रेशीम बाहेरून घेतले तर आतून मऊ सुती अस्तर हवेच.

*बाळंतिणीसाठी :* पुढून उघडणाऱ्या दोन सैल चोळ्या, स्वच्छ सुती घड्या आणि अडीच वारांची मऊ पट्टी, जिने बाळाला छातीशी बांधून ठेवता येईल. बांधताना बाळाचे नाक मोकळे, तोंड दिसणारे आणि मान सरळ असावी. बाळाला देतो आणि त्याच्या आईला विसरतो, असे होऊ नये. बाळंतविडा हा शब्दच बाळंतिणीच्या नावाचा आहे.

काही पथ्येही सांगतो. मणी, घुंगरू, टिकल्या बाळाच्या वस्त्राला लावू नयेत, त्या तोंडात जातात. कुंचीचे बंद गळ्याशी घट्ट बांधू नयेत, आणि बाळ झोपले की कुंची काढून ठेवावी. मोहरीची उशी पूर्वापार चालत आली असली तरी बालरोगतज्ज्ञ आता तान्ह्याला उशी नको म्हणतात. त्याला सपाट अंथरुणावर उताणे निजवावे आणि पांघरूण तोंडावर येऊ देऊ नये.

कसे द्यावे?

जुने द्यावे, पण टाकाऊ देऊ नये, एवढे एकच सूत्र. जे दुपटे आपल्या नातवाच्या पाळण्यात घालताना हात अडखळेल, ते दुसऱ्याच्या पाळण्यासाठी देऊ नये. आशाताई किंवा अंगणवाडीच्या सेविका यांना विचारावे, कोणत्या घरी गरज आहे ते त्या जाणतात. देताना बाळाच्या बापाचे नाव विचारू नये, उपदेश करू नये आणि छायाचित्र तर मुळीच काढू नये. त्या मातेने एखादी टोपली वा भाजी पुढे केली तर ती आनंदाने घ्यावी. कोणाचे काही न घेता केवळ देत राहणे, हाही एक प्रकारचा अहंकारच आहे.

याच विदर्भाच्या भूमीत १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. चिंध्यांची गोधडी पांघरून ते गावोगाव कीर्तन करीत. मुलीच्या बारशाला मद्यमांसाची रूढ पंगत मोडून त्यांनी गोड जेवण घातले आणि पुढे गरजूंसाठी धर्मशाळा बांधल्या. १९५६ साली ते गेले. ठिगळांचे वस्त्र अंगावर घेऊन त्यांनी जे निरूपण केले, ते रेशमी उपरणे घेऊन उभ्या राहणाऱ्या आम्हा कीर्तनकारांना अजून पुरते साधलेले नाही. त्याआधी कित्येक शतके शिंप्याच्या कुळातील नामदेवरायांनी सुई-कातरीच्या आपल्या धंद्यातच विठ्ठलाचे नाम पाहिले. शिवण्याला आणि भक्तीला वेगळे करण्याचे काम संतांनी केले नाही, ते आम्ही पंडितांनी केले.

त्या वर्षापासून आमच्या जन्मकीर्तनाचा एक नियम झाला आहे. पाळण्यात कान्होबाच्या कुंचीशेजारी दुसरी एक कुंची, दुपट्यासह, घडी करून ठेवलेली असते. ती उत्तरपूजेची वाट पाहत नाही. त्याच रात्री कोणी तरी ती घेऊन जाते. हिरव्या खणाची कुंची शिवणाऱ्या आजी आज हयात नाहीत. त्यांच्या मागे त्यांची सून दरवर्षी दोन कुंच्या शिवते.

माताभगिनींनो, यंदा अष्टमीसाठी सुईत दोरा ओवाल तेव्हा कापड दोन कुंच्यांचे काढा. आपल्या गावात, गावाबाहेरच्या वस्तीवर वा पोडावर या पंधरवड्यात कोणाच्या घरी बाळ आले आहे, ते आजच विचारा. पाऊस अजून सरलेला नाही.